श्रावण, फिट आणि ११७ रुपयांची कपात: एका व्यसनोपचाराचं प्रकरण

आषाढी अमावस्या झाली की पुढचे तीन-चार दिवस दवाखाने आणि योजनांच्या कामात रुग्णांना मदत करणाऱ्या आम्हा रुग्णमित्रांचे फोन थांबत नाहीत. गटारीला भरपूर पिऊन लोक दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळतात. अधूनमधून पिणाऱ्याला त्याने काही होत नाही. पण रोज दोन क्वार्टर रिचवणाऱ्याने एकदम बंद केली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येते, भास होतात. घरचे चक्रावून जातात. प्यायचे तेव्हा ठणठणीत होते आणि देवाधर्माला लागले तर हे काय झालं?

२०२५ साली गटारी २४ जुलैला, गुरुवारी होती. हे प्रकरण त्यानंतरच्या रविवारी रात्री माझ्याकडे आलं. नावं, कंपनी, रुग्णालयं यातलं काहीच लिहीत नाही. घटनाक्रम आणि पैशांचे आकडे मात्र सविस्तर देतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

माणूस

वय ३८. मूळचा बीड जिल्ह्यातला, राहायला भोसरीत भाड्याच्या खोलीत. चाकणला ठेकेदाराकडून सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर सुटे भाग बनवणारा. घरात बायको, दोन मुलं आणि आई. दारू पंधरा वर्षांपासून, त्यातली शेवटची पाच वर्षं रोज. सकाळी हात स्थिर व्हावेत म्हणून उठल्याउठल्या एक नाइंटी (९० मिली दारू) लागायची. सकाळची नाइंटी सुरू झाली की सवय मागे पडून आजार सुरू झाला असं आम्ही धरतो.

पगार महिना १५,६००, म्हणजे दिवसाचे ६००. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस ठेकेदाराने बोलावणं बंद केलं. काढून टाकलं असं कुणी तोंडाने सांगितलं नाही, नुसता फोन यायचा थांबला.

आधीचा धडा

जुलैमधला गोंधळ समजायला आधीच्या वर्षात जावं लागतं. जून २०२४ मध्ये त्याच्या पोटात असह्य कळ आली. स्वादुपिंडाला सूज होती. थोरल्या भावाने आधीच्या वर्षी हप्ता भरून त्याच्या कुटुंबासाठी आरोग्य संजीवनी ही आरोग्य विम्याची पॉलिसी काढून दिली होती, त्या भरवशावर खासगी रुग्णालयात नेलं. सहा दिवस, बिल ८४ हजार. क्लेम नाकारला गेला.

नकाराचं पत्र मी नंतर पाहिलं. डिस्चार्ज कार्डावर 'क्रॉनिक अल्कोहोलिक' असे दोन शब्द होते, तेवढे पुरले. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून काय वगळता येतं याची प्रमाणित भाषा ठरवून दिली. तिच्यात बारावा कोड आहे: दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार आणि त्या व्यसनाचे परिणाम. घाव घालतो तो 'परिणाम' हा शब्द. त्यामुळे नुसती व्यसनमुक्तीच नाही, तर दारूने सुजलेलं स्वादुपिंडही बाहेर.

आता याची दुसरी बाजू बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तिच्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित अवस्था येतात. त्याच कायद्याचं कलम २१ विमा कंपन्यांना सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर विमा द्या. कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. म्हणजे कायदा म्हणतो हा आजार आहे आणि विम्याचा नियम म्हणतो असेल, पण आमच्याकडे नको. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत किती घरं कर्जात गेली असतील! ज्या राज्यात देशी दारू प्यायचा एक दिवसाचा परवाना दोन रुपयांत मिळतो, त्याच राज्यात ही फट आहे, हे जाता जाता.

पण जून २०२४ मधली खरी चूक याहून साधी होती. त्या वेळी तो कामावर होता. पगारातून दरमहा ११७ रुपये ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, कापले जात होते आणि ठेकेदार स्वतःचे ५०७ भरत होता (कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन). महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला ही योजना लागू होते आणि उपचारावर पाच लाखांसारखी वरची मर्यादा नसते. ते ८४ हजार तिथे शून्य झाले असते. मग गेले का नाहीत? वहिनींचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, उत्तर असं: "ते कार्ड ठेकेदारानं दिलं होतं, पन ते कशाचं हे कुनी सांगितलंच नाही. आन सरकारी दवाखान्यात कोन जातंय दादा, तिथं निस्त्या गोळ्या देतेत."

ईएसआयच्या दवाखान्यांबद्दल कामगार वस्त्यांत हे मत पक्कं आहे आणि ते अगदीच हवेतून आलेलं नाही. रांगा आहेत, औषधं संपलेली असतात. पण ज्याचे पैसे महिन्याला कापले जातात ते वापरायचं नाही आणि ज्याच्या अटी वाचलेल्या नाहीत त्या पॉलिसीवर विसंबायचं, हा प्रकार मी दर महिन्याला पाहतो.

त्या नकारपत्रातून घराने एकच धडा घेतला: दवाखान्यात 'दारू' हा शब्द उच्चारायचा नाही.

शुक्रवार ते रविवार

गुरुवारी रात्री शेवटचा पेग. शुक्रवारी श्रावणाचा पहिला दिवस, आंघोळ करून देवाला हात जोडले, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आईच्या डोळ्यांत पाणी. संध्याकाळपर्यंत हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडत होता. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास फिट आली. बहुतेकदा शेवटच्या पेगपासून ४८ तासांच्या आत फिट येते, तशीच आली.

जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, "उपवास होता, चक्कर आली." डोक्याचा सीटी स्कॅन झाला, फिटचं इंजेक्शन झालं, ग्लुकोजचं सलाईन लावलं. त्या डॉक्टरांना दोष द्यायला मी तयार नाही. जे सांगितलं त्यावर त्यांनी उपचार केले. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व उरलेलं नसतं. अशा माणसाला आधी बी-१ म्हणजे थायमिन द्यायचं, मग ग्लुकोज, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे कुठल्याही एमबीबीएसला माहीत असतं, फक्त समोरचा पितो हे त्याला कळायला हवं. क्लेम वाचवायला लपवलेला शब्द इथे थेट मेंदूपर्यंत पोचला असता. आणि गंमत म्हणजे या वेळी वाचवायला क्लेमही नव्हता, पॉलिसी पुढे भरलीच नव्हती. नुसती भीती उरली होती.

रविवारी दुपारपर्यंत ३१ हजार झाले. मेंदूचे डॉक्टर बोलावायला आणखी डिपॉझिट मागितलं. पैसे संपले, डामावर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर) सही करून घरी आणलं. रात्री दहाला वहिनींचा फोन आला.

"दादा, हे भिताडाकडं बघून बटनं दाबायलेत. मला म्हनतेत बाजूला हो, जॉब सुटल. काय करावं समजंना."

मी पोचलो तेव्हा तो भिंतीसमोर उभा होता. डाव्या हाताने न दिसणारा दरवाजा सरकवायचा, उजव्या हाताने पॅनेलवर चार-पाच बटणं दाबायची, वाकून आत बघायचं, तुकडा काढून शेजारच्या ट्रेमध्ये ठेवायचा. ट्रे नव्हती, तिथे मुलाचं दप्तर होतं. परत पहिल्यापासून. अंगातला बनियन घामाने ओला, डोळे लाल. मला पाहून म्हणाला, "सेकंड शिफ्टचे का? थांबा, पाच पीस राहिलेत." दारू तुटल्यानंतर तिसऱ्या दिवशी येणाऱ्या या भ्रमात माणसं आपलं रोजचं काम करत बसतात. शिंपी हवेत सुई ओवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. पाहणाऱ्याला हसू येईल असं दृश्य असतं, पण या अवस्थेत उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो.

कार्ड मेलंय की जिवंत आहे

रिक्षा येईपर्यंत मी दोन गोष्टी तपासल्या.

एक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. केशरी रेशनकार्ड घरात होतं. १ जुलै २०२४ पासून ही योजना सगळ्याच रेशनकार्डधारकांना, अगदी पांढऱ्या कार्डालाही, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत लागू झाली आहे आणि आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. संलग्न असलेल्या एका खासगी रुग्णालयातल्या ओळखीच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, फोन लावला. तो म्हणाला, "व्यसनमुक्ती योजनेत बसत नाही, दादा." हे अर्धं खरं आहे. आयुष्मान भारतच्या 'बसत नाही' यादीत ओपीडी आणि ड्रग रिहॅबिलिटेशन आहे. पण त्याच योजनेच्या पॅकेजांत मानसिक आजारांचा विभाग आहे आणि तिथे मादक पदार्थांमुळे होणारे मानसिक व वर्तनविषयक विकार नावाने आहेत. म्हणजे महिनाभराचं पुनर्वसन बाहेर आणि दारू तुटल्याने झालेली ही अवस्था आत, अशी ती रेघ आहे. अडचण दुसरीच होती. रुग्णालय योजनेत असलं तरी प्रत्येक विभागासाठी ते वेगळं संलग्न असावं लागतं. त्या रुग्णालयात हाडं आणि हृदय होतं, मानसोपचार नव्हता. रात्री साडेदहाला मानसोपचारासाठी संलग्न रुग्णालय शोधायला वेळ नव्हता.

दोन, ईएसआय. भाऊ म्हणाला, "काम सुटून पाच महिने झाले, ते कार्ड बंद पडलं असणार." जवळजवळ प्रत्येक घर असंच समजतं. ईएसआयचा हिशोब सहामाही चालतो. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चमधल्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरमध्ये. वर्गणीच्या सहामाहीत किमान ७८ दिवस भरलेले असावे लागतात. याने ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे पाच महिने काम केलं होतं, ७८ च्या कितीतरी वर. त्यामुळे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत त्याचा उपचारांचा हक्क शाबूत होता.

वहिनींनी ईएसआयचं ई-पहचान कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, घडीवर घडी. दहा आकडी नंबर टाकून मी मोबाइलवर पाहिलं. जिवंत होतं.

कॅज्युअल्टीच्या दारात

रात्री सव्वाअकराला ईएसआयच्या रुग्णालयात पोचलो. तातडीच्या वेळी आधी डिस्पेन्सरीची (ईएसआयच्या वस्तीतल्या दवाखान्याची) चिठ्ठी लागत नाही, हेही माहीत असावं. वाटेत भावाने माझा दंड धरला. "दादा, दारूचं सांगू नका. परत रिजेक्ट करतील." मी सांगितलं की या वेळी पहिलं वाक्य तेच असणार.

आणि भावाची भीती पहिल्या पाच मिनिटांत खरी ठरली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दारूचा पेशंट आहे ना, मग व्यसनमुक्ती केंद्रात न्या. इथे ती सोय नाही." भावाने माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यभर विसरणार नाही.

मी आवाज चढवला नाही, उपयोग नसतो. एवढंच म्हणालो, "साहेब, व्यसनमुक्ती मागतच नाहीये. काल फिट आलीय, आज दिवस-वार सांगता येत नाही, अंग तापलंय. याचा इलाज हवाय. व्यसनाचं नंतर बघू." त्यांनी नाडीला हात लावला. १२८ होती. बीपी १६० वर १००. मग त्यांचा चेहरा बदलला, फिजिशियनना फोन गेला आणि बाराच्या आत बेड मिळाला.

या प्रकरणातलं मला महत्त्वाचं वाटणारं सगळं या दोन वाक्यांच्या फरकात आहे. 'व्यसनमुक्ती' हा शब्द खिडकीवर टाकला की खिडकी बंद होते, कारण समोरच्याच्या डोळ्यांपुढे महिनाभर राहायचं केंद्र येतं आणि ते कुठल्याच योजनेत त्याने पाहिलेलं नसतं. प्रत्यक्षात हे तीन वेगळे उपचार आहेत. पहिला, अंगातली दारू उतरवायचा: पाच ते दहा दिवस, निखळ वैद्यकीय, डॉक्टर आणि नर्स लागणारा. दुसरा, महिनाभर राहून मन आणि दिनक्रम बदलायचा. तिसरा, गोळ्या आणि समुपदेशनाचा पाठपुरावा, जो वर्षभर आणि पुढेही चालतो. तिघांचे पैसे तीन वेगळ्या ठिकाणांहून येतात. एका दमात तिन्ही मागितले की एकही मिळत नाही.

त्या वेळी लागू असलेल्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात आजारपणाची व्याख्या सरळ होती: वैद्यकीय उपचाराची गरज असलेली आणि त्यापायी कामापासून दूर राहावं लागणारी अवस्था. ती कशामुळे आली असा प्रश्न त्या व्याख्येत नाही. खासगी पॉलिसीच्या बाराव्या कोडनंतर ही ओळ वाचली की बरं वाटतं.

पहिल्या दोन रात्री बँडेजने हात पलंगाला बांधावे लागले. शांत करणाऱ्या लोराझेपामची इंजेक्शनं, थायमिन, सलाईन. बुधवारी सकाळी त्याने बायकोला नावाने हाक मारली आणि विचारलं, "शिफ्ट कुठलीय आज?" गुरुवारी स्वतःच्या हाताने चहा प्यायला, बशीत न सांडता. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा येत, त्यांनी शुक्रवारी बसून सविस्तर हकीकत लिहून घेतली. नऊ दिवसांनी सोडलं. बिल शून्य. नर्सिंग होमचे ३१ हजार मात्र गेले ते गेलेच.

"गाडी पाठवतो, चार पोरं येतील"

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नात्यातल्या कुणीतरी वहिनींना एका खासगी केंद्राचा नंबर दिला. महिना १२ हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. पेशंट तयार नसेल तर? "गाडी पाठवतो, चार पोरं येतील, उचलून नेतील." वहिनी तयारही झाल्या होत्या. पंधरा वर्षं सोसलेल्या बाईला 'उचलून नेतील' हे ऐकून सुटल्यासारखं वाटतं, त्यात त्यांचं काय चुकलं?

मी केंद्राला एकच विचारलं: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी आहे का, असेल तर फोटो पाठवा. व्यसनी माणसांना ठेवून उपचार करणारं केंद्र २०१७ च्या कायद्याखाली नोंदवावं लागतं, आणि सज्ञान माणसाला दाखल करायचं तर त्याची संमती किंवा कायद्यातली ठरलेली पद्धत लागते. चार पोरं ही त्यातली पद्धत नाही. फोटो आला नाही. पुढे त्यांनी माझा फोनही उचलला नाही.

मग १४४४६ लावला. ही केंद्र सरकारची नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था देशभर पुनर्वसन केंद्रं चालवतात, राहणं-जेवण-उपचार मोफत. हा विमा नाही, कार्ड लागत नाही, म्हणूनच विम्याच्या यादीत शोधणाऱ्याला ही केंद्रं सापडत नाहीत. पुण्यात मुक्तांगणचं नाव सगळ्यांना माहीत असतं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये सुरू केलेली संस्था. पण मुक्तांगणशिवायही दारं आहेत हे फार कमी घरांना ठाऊक असतं. एका अनुदानित केंद्रात बारा दिवसांनी बेड मिळेल असं कळलं.

ते बारा दिवस सगळ्यांत कठीण गेले. भ्रमाच्या रात्रींहून कठीण, कारण आता तो शुद्धीवर होता आणि खालच्या चौकातलं वाइन शॉप त्याला दिसत होतं. केंद्राने आधार, रेशनकार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट मागितले. ते रिपोर्ट ईएसआयमध्येच फुकट झाले. १७ ऑगस्टला तो स्वतः पिशवी उचलून गेला. गणपतीचे दिवस आतच गेले, महिन्याने बाहेर आला.

खात्यात आलेले पैसे

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. ईएसआयमध्ये आजारपणाच्या प्रमाणपत्रावर रोख लाभ मिळतो, सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस धरत नाहीत. त्याला रुग्णालयाचे नऊ आणि विश्रांतीचे दहा असे १९ दिवस मिळाले. सतरा दिवसांचे रोज ४२० प्रमाणे ७,१४० रुपये.

कायद्यात या लाभाला अटी आहेत: उपचार घेत राहायचं आणि बरं होण्याला बाधा येईल असं काही करायचं नाही. कलम वाचून मी एकटाच हसलो. पण हसण्याची गोष्ट नव्हती, कारण पैसे थेट त्याच्या खात्यात येतात. दारू सोडून जेमतेम महिना झालेल्या, रिकाम्या हातांच्या माणसाच्या खात्यात एकदम सात हजार. म्हणून केंद्रात जायच्या आदल्या दिवशी मी त्याच्याशीच बोललो. एटीएम कार्ड त्याने बायकोला दिलं, पिन कागदावर लिहून. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे आले तेव्हा तो आत होता. दोन महिन्यांचं थकलेलं भाडं त्यातून निघालं.

पाठपुरावा, आणि पाडवा

गोळ्यांच्या बाबतीत मानसोपचारतज्ज्ञांनी दारूची ओढ कमी करणारी अकॅम्प्रोसेट निवडली, कारण आधीचं स्वादुपिंडाचं दुखणं आणि यकृताचे बिघडलेले रिपोर्ट. दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या, म्हणजे दिवसाला सहा. डिस्पेन्सरीत पहिल्यांदा पंधरा दिवसांच्या मिळाल्या, दुसऱ्यांदा 'स्टॉक नाही'. बाहेरून घेतल्या, बिल जोडून परताव्याचा अर्ज दिला. अर्ज अजून फिरतोय.

२२ ऑक्टोबरला, पाडव्याला, गावाकडून आलेल्या मेव्हण्याबरोबर तो प्यायला. चार दिवस प्यायला. वहिनींनी मला फोन केला तेव्हा रडत नव्हत्या, हिशोब मांडत होत्या: किती प्यायले, शेवटची कधी, रात्री घाम किती आला. "बंद नाही केली दादा मी. सोमवारपतूर थोडी थोडी देऊन ठिवलीय. तुम्हीच म्हनला होता एकदम तोडायची नाही." मी हे एकदम तोडण्याबद्दल बोललो होतो, मापाने पाजण्याबद्दल नव्हे. खरं तर रविवारीच कॅज्युअल्टीत न्यायला हवं होतं. पण ज्या घराने तीन महिन्यांपूर्वी फिटला उपवासाची चक्कर म्हटलं होतं, त्याच घराने सोमवारी डिस्पेन्सरीच्या खिडकीवर स्वतःहून सांगितलं: दारूचा आजार आहे, आधी फिट आली होती, हे मागचं कार्ड. तीन दिवस भरती, फिट नाही, भ्रम नाही.

पाडव्याची घटना मी अपयशात धरत नाही. या आजारात पुन्हा पिणं होतं, जसं साखरेच्या पेशंटची साखर पुन्हा वाढते. साखरेच्या पेशंटला त्याबद्दल कुणी केंद्रात उचलून नेत नाही, एवढाच फरक.

ईएसआय नसतं तर

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, कारण रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायकांचे नवरे, शेतमजूर यांच्या पगारातून ११७ रुपये कुणी कापत नाही. त्यांच्यासाठी पहिला टप्पा जिल्हा रुग्णालयात होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, म्हणजे योजनेत बसतं का नाही हा वादच उरत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाखाली येतात, तिथे केसपेपरपासून पैसे लागू शकतात. तिथे योजनेचं कार्ड काढा आणि आरोग्यमित्राला 'मानसोपचार विभागाला संलग्न आहात का' असं विचारा. योजनेची हेल्पलाइन १५५३८८. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयंही आहेत, पण त्या नावाला घरचे बिचकतात. पाठपुराव्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या सभा, जिथे पैसे तर नाहीतच, आडनावही विचारत नाहीत.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत निघालं होतं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो आणि भरती होऊन उपचार तर १८० जणांत एकाला. उरलेल्यांतले किती जण खिडकीपर्यंत पोचून परत फिरले, हे त्या पाहणीत नाही.

सध्या

१ डिसेंबरपासून त्याला दुसऱ्या ठेकेदाराकडे काम लागलं, फक्त फर्स्ट शिफ्ट. विमा नंबर जुनाच चालतो, नवा काढावा लागला नाही. पाडव्यानंतर आजपर्यंत प्यायलेला नाही. डिस्पेन्सरीत अकॅम्प्रोसेट पुन्हा आली आहे.

पहिल्या पगारपत्रकाचा फोटो वहिनींनी मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. ईएसआयच्या ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली. खाली लिहिलं होतं, "१२१ कापलेत. मागं ११७ होते. जास्त घेतलेत का?"

पगार ५०० रुपयांनी वाढला होता. तसं कळवलं.